बसायचा दगड

"मॅडम, जरा उठता का? तुम्ही माझ्या साक्षीदारावर बसल्या आहात."

मी मान वर केली. हातात अर्धं सोललेलं संत्रं, मांडीवर सालं आणि तोंडात एवढी मोठी फोड की उत्तर द्यायची सोय नव्हती. समोर एक उंच, सावळा, उन्हानं रापलेला तरुण उभा होता. खांद्यावर तीन पायांचा स्टँड, पाठीवर काळी बॅग. हिंगणीच्या या बाजूला असा स्टँड घेऊन येणारी माणसं एकाच कामासाठी येतात. बोर धरणाच्या पाण्यापुढे नवऱ्या मुलाला गुडघ्यावर बसवायचं, नवरीची ओढणी उडवायची आणि फोटो काढायचे.

फोड गिळून मी म्हटलं, "प्री-वेडिंगवाले तिकडे, धरणाकडे जातात. हे आमचं वावर आहे. म्हणजे... होणार आहे. इथे ओढण्या उडवायच्या नाहीत."

त्याला हसू आलं होतं, पण त्यानं ते मिशीतच अडवलं.

"मी नवरा-नवरी नाही मोजत, मॅडम. जमीन मोजतो." त्यानं गळ्यातलं ओळखपत्र उचलून दाखवलं. अभिराम. भूकरमापक. "आज तुमचीच मोजणी आहे, जरा लवकर आलो. आणि तुम्ही ज्याच्यावर बसल्या आहात ना, तो हद्दीचा दगड आहे. हे वावर कुठे संपतं अन् शेजारचं कुठे सुरू होतं, ते तो सांगतो. म्हणून साक्षीदार."

मी उठले. उठले कसली, उडालेच.

कारण तीन आठवड्यांपूर्वी तो दगड तिथे नव्हता. तो तिथे मी आणला होता.

माझे बाबा, नरहर सर, पस्तीस वर्षं भूगोल शिकवत होते. त्यांनी फळ्यावर हिमालय काढला, सह्याद्री काढला आणि स्वतः राहिले वर्ध्याच्या पिपरी मेघेत, जिथे सगळ्यात उंच जागा म्हणजे आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. रिटायर झाल्यावर त्यांना डोंगरात सुटीचं घर हवं होतं. चिखलदरा लांब पडत होता आणि गुडघे कुरकुरत होते. मग बोरच्या डोंगराच्या पायथ्याशी चंद्रभान काकांचं अडीच एकराचं वावर विकायला आहे असं कळलं. महाबळेश्वर पाहिलेल्यांनी आमच्या या डोंगरांना हसू नये. आम्हा वर्धेकरांना ते पुरतात.

त्या वावराच्या कोपऱ्यात एक टेकाड आहे. वर एक पळस. तिथे उभं राहिलं की झाडांच्या शेंड्यांवरून धरणाचं निळं पाणी दिसतं. बाकी वावरातून नुसतीच झाडं. बाबांनी पहिल्याच दिवशी, कोणाला न विचारता ठरवलं, ओसरी इथेच! त्यांना तिथे बसून ते पाणी पाहायचं होतं, पण खाली काटे आणि ढेकळं. थोडं खाली, उतारावर, एक चौकोनी ठेंगणा दगड पावसानं उघडा पडून कलंडला होता. मी शाळेत खेळाची शिक्षिका, कॉलेजात कबड्डी गाजवलेली. मी तो दगड लोटत लोटत टेकाडावर आणला. बाबांनी मागून काठीनं रेटल्यासारखं केलं, "शाब्बास वेदश्री!" म्हणाले आणि ऐसपैस बसले. मग आम्ही संत्री खाल्ली आणि सालं दगडाखालीच सारली. बाबांना इतकं सुखात मी कधीच पाहिलं नव्हतं. ज्यानं जन्मभर नकाशे शिकवले त्याला हद्दीचा दगड ओळखता आला नाही, मग त्याच्या मुलीची काय कथा!

आता हा माणूस त्याच दगडापाशी उकिडवा बसला होता. त्यानं दगडावरून हात फिरवला, कडेला बोटं घातली, जरासा कलता करून खाली पाहिलं. मग माझ्या मांडीवरून खाली सांडलेल्या सालांकडे पाहिलं.

"हा कधीपासून इथे आहे?"

"मला काय माहीत? मी पाहतेय तेव्हापासून इथेच आहे," मी म्हटलं.

तो काही क्षण माझ्याकडे पाहत राहिला. डोळे मोठे स्वच्छ होते त्याचे... अशा डोळ्यांसमोर खोटं बोलणं फार जड जातं. मी घाईघाईनं पाण्याची बाटली पुढे केली.

"पाणी घ्या ना. उन्हातून आलात."

"नको. जमीन विकणारे चंद्रभान काका, घेणारे तुम्ही, शेजारच्या देवकाबाई. मोजणी होऊन नकाशावर सही होईपर्यंत कोणाकडचं पाणीसुद्धा घेत नाही मी."

"पाणीसुद्धा नाही? आम्ही काय त्यात जमीन मिसळलीय?"

"तुम्ही नाही मिसळली," तो म्हणाला, आणि या वेळी खरंच हसला. "पण मला तहान फार लागते."

एवढ्यात बाबा आणि चंद्रभान काका गावातून आले, सोबत देवकाबाई. देवकाबाई म्हणजे काकांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ वारल्यापासून शेजारचं वावर ती एकटीच करते. शेजारधुरा, म्हणजे बांधाला बांध, असल्यानं मोजणीला तिची हजेरी हवीच होती. अभिरामनं स्टँड उभा केला, रोव्हरची, म्हणजे उपग्रहावरून नेमकी जागा दाखवणाऱ्या यंत्राची, काठी हातात घेतली, आणि तेवढ्यात डोंगरामागून काळं आभाळ अंगावर आलं. फेब्रुवारीतला अवकाळी! आधी चार मोठे थेंब, मग टपाटप गारा. आम्ही सगळे काकांच्या टिनाच्या छपरीत पळालो.

छपरीत काकांनी चुलीवर चहा मांडला. सगळ्यांनी कपबशा घेतल्या. अभिराम हात मागे बांधून उभा.

"काऊन गा, चहा नाई घेत?" देवकाबाईनं विचारलं.

"मोजणी झाल्यावर घेतो, काकू. आधी घेतला तं चहा गोड लागते अन् लाइन वाकडी जाते."

"पोट्टं हुशार हाये," देवकाबाई काकांना म्हणाली.

मी छपरीच्या कडेला सरकले. तोही सरकला, की मला तसं वाटलं? टिनावरून पागोळ्या लागल्या होत्या, आमच्या दोघांच्या पायांवर एकच पाणी उडत होतं. त्याचे केस भिजून कपाळावर आले होते आणि मला उगाचच ते मागे सारावेसे वाटत होते. तासाभराच्या ओळखीवर! माझं मलाच नवल वाटलं.

"एक विचारू?" मी हळूच म्हटलं. "समजा... एखाद्या ठिकाणचा दगड सरकलेला असला, तर?"

"दगड सरकला तरी नकाशा सरकत नाही. रोव्हर खरी जागा दाखवतो."

"मग काय बिघडलं?"

तो पावसाकडे पाहत होता. "जमिनीचं काही नाही बिघडत. माणसांचं बिघडतं. दगड कोणी सरकवला, हे गाव आधी विचारतं. आणि ज्याचा फायदा होतो, त्याचं नाव घेतं. सख्खे भाऊ बोलायचे बंद झालेले पाहिलेत मी... का विचारलं?"

"सहजच," मी म्हणाले.

गारांनी वावरात चिखल केला होता. मोजणी थांबली. पुढची तारीख बारा दिवसांनी, गुरुवारची पडली.

ते बारा दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. बाबा रोज संध्याकाळी आलेखाच्या कागदावर ओसरी काढत. पळस कुठे, आईची खुर्ची कुठे, दुर्बीण कुठे टांगायची. आई म्हणायची, "आधी जमीन तर होऊ द्या!" बाबा म्हणायचे, "दगडावर बसून पाहिलंय शरयू, मला डोळे मिटले तरी ते पाणी दिसतं." मग मी तोंड उघडायची आणि मिटायची. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी त्याच क्षणी चंद्रभान काकांना फोन लावला असता. तसेच आहेत ते. ओसरी गेली असती आणि ती घालवणारी मी असते! रोव्हर खरी जागा दाखवणार हे ऐकूनही, टेकाड आपल्याच बाजूला निघेल ही वेडी आशा सुटत नव्हती. दगड नुसता आसन म्हणून लोटला होता, चोरी केली नव्हती, असं मी स्वतःला दिवसातून दहादा सांगत होते. मन खात होतं ते खातच होतं.

दहाव्या दिवशी राहवलं नाही. शाळा सुटल्यावर स्कूटी काढली आणि सेलूला मोजणीच्या ऑफिसात गेले. त्याला एकट्याला सांगायचं, तो काहीतरी मार्ग काढेल, असं ठरवून निघाले होते. वाटेत गोरसपाकाचं, आमच्या वर्ध्याच्या तुपातल्या बिस्किटांचं, पाकीट घेतलं. रिकाम्या हातानं कबुली द्यायला जाववत नाही ना!

मला दारात पाहून तो उठून उभाच राहिला. मग उठल्याचं लक्षात येऊन परत बसला, आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस खोकला.

"तारीख विचारायला आले होते," मी म्हटलं.

"फोनवर विचारली असती..."

"फोनवर तुमचा आवाज सरकारी येतो."

समोरच्या टपरीवर आम्ही उभे राहिलो. त्याचा चहा त्यानं घेतला, माझा मी. गोरसपाकाच्या पाकिटाकडे त्यानं लहान मुलासारखं पाहिलं आणि मान हलवली.

"माझ्या आवडीचं आहे. काढून घ्या मागे."

"एक तुकडा?"

"वेदश्री मॅडम, का परीक्षा पाहून राह्यल्या गरिबाची?"

पहिल्यांदा नाव घेतलं त्यानं माझं. टपरीवर भजी तळत होती, रस्त्यावरून कापसाचे ट्रॅक्टर चालले होते, आणि मला त्यातलं काहीच नीट ऐकू येईना.

"लोक मला दोनदा भेटतात," तो कपाकडे पाहत म्हणाला. "मोजणीच्या आधी गोड, नंतर कडू. तिसऱ्यांदा कोणी भेटत नाही."

"मी भेटले तर?"

"आधी दुसऱ्यांदा भेटा," तो म्हणाला. मग थांबला. आवाज बदलला त्याचा. "तुम्हाला... काही सांगायचं होतं का?"

शब्द अगदी ओठांवर आले होते. तो वाट पाहत होता. कप हातात तसाच, श्वास धरल्यासारखा. आणि मला दिसली ती बाबांची ओसरी, आईची खुर्ची, दुर्बीण.

"नाही," मी म्हटलं. "गुरुवारच ना?"

"गुरुवारच," तो म्हणाला आणि उरलेला चहा ओतून दिला.

त्या गोरसपाकातलं निम्मं मी परतीच्या वाटेवर, पवनारच्या पुलापाशी थांबून, रडत रडत खाल्लं. उरलेलं बाबांनी संपवलं.

गुरुवार उजाडला तो लख्ख. गारांनंतर पळस पेटला होता. टेकाडावर नुसता केशरी रंग. बाबा नवा पांढरा शर्ट घालून आले होते. अभिरामनं मला नमस्कार केला, तोही पुरता सरकारी. तासभर तो चारही कोपरे फिरला. तीन कोपरे बरोबर जुळले. चौथ्याला तो टेकाडावरच्या दगडापाशी आला, रोव्हर टेकवला, पडद्याकडे पाहिलं. मग दगड सोडून उतारानं चालू लागला. एक, दोन, तीन... मी मनात त्याची पावलं मोजत होते. तो थांबला तिथे एक खड्डा होता, काठाला नवं गवत उगवलेला.

"हद्द इथे आहे," तो म्हणाला. "दगड नऊ मीटर वर सरकलाय. टेकाड देवकाबाईंच्या वावरात येतं."

बाबांनी पळसाकडे पाहिलं. हातातला आलेखाचा कागद त्यांनी हळूच घडी करून खिशात ठेवला, आणि तेवढ्यानंच माझा जीव गलबलला.

पण पुढचं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. देवकाबाई तरातरा चालत चंद्रभान काकांपुढे उभी राहिली.

"भाऊजी! वावर इकाचं म्हून दगड सरकवला? माह्या टेकाडासकट इकून राह्यले होते?"

"वयनी, मी कायले सरकवू? मले मालूमच नाई!"

"मंग काय त्याले पाय फुटले? घरधनी गेला तवापासून एकटी बाई मी. ज्याले भाऊ म्हटलं त्यानंच..." तिचा आवाज फाटला. "पस्तीस वर्सं ह्या धुऱ्यावर आपली तू-तू मी-मी नाई झाली."

"देवाशप्पथ, वयनी!"

"देवाची नोका घेऊ. खरे असान तं धुऱ्याची माती डोक्यावर घ्या!"

आमच्याकडच्या जुन्या माणसांत ही शेवटची शपथ. धुऱ्याची माती डोक्यावर घेऊन जो खोटं बोलला, त्याच्या लेकरांना ती जमीन पचत नाही म्हणतात. खरा माणूससुद्धा ती घेत नाही सहसा, कारण एकदा घेतली की घ्यायला लावणाऱ्याच्या दारात पुन्हा पाऊल ठेवत नाहीत. मयतालाही नाही.

चंद्रभान काकांनी डोक्यावरची टोपी काढली. "घेतो वयनी," ते म्हणाले आणि मातीसाठी वाकले.

अभिरामनं हातातला नकाशा खाली ठेवला. एक पाऊल पुढे टाकलं, तोंड उघडलं...

"थांबा काका!"

तो आवाज माझा होता. मैदानावर शिट्टी नसते तेव्हा काढते तसा.

"दगड मी हलवला," मी म्हटलं. "काकांनी नाही. मी. महिन्याभरापूर्वी. मला माहीत नव्हतं तो कशाचा आहे... बाबांना बसायला हवा होता. मग कळलं, त्या पावसाच्या दिवशी. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण नाही सांगितलं. टेकाड जाईल म्हणून नाही सांगितलं." बाबांकडे पाहायची तर हिंमतच नव्हती.

काठीचा आवाज आला. बाबा उतारानं येऊन माझ्या शेजारी उभे राहिले.

"काठी माझी होती," ते म्हणाले. "मीही लोटलाय. आणि बसलोही मीच." त्यांनी आधी काकांपुढे, मग देवकाबाईपुढे हात जोडले. "पस्तीस वर्षं पोरांना नकाशा शिकवला. जमिनीवरचा दगड कधी दाखवला नाही. चूक मास्तराची आहे."

देवकाबाई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत राहिली.

"बसाले?" ती म्हणाली. "हद्दीचा दगड... बसाले नेला?"

"हो काकू."

"एवढी शिकली-सवरली पोरगी!" ती मटकन खालीच बसली. मला वाटलं आता शिव्या पडणार. पण तिनं पदर डोळ्यांना लावला आणि काकांना म्हणाली, "भाऊजी, मी तुमाले माती उचलाले लावत होती वं माय... मले माफ करा."

"राहू द्या वयनी," काका म्हणाले. टोपी घालताना त्यांनी तोंड फिरवलं. मग मला म्हणाले, "चाल पोरी. नेला तसा आण खाली."

मी दगड लोटला. उतार असला तरी तो चढापेक्षा जड लागला. अर्ध्या वाटेत काकांनी शेजारी येऊन खांदा लावला. दगड खड्ड्यात बसला तेव्हा अभिरामनं रोव्हर टेकवून पाहिलं, मान हलवली, पंचनाम्याच्या कागदांवर सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

निघताना देवकाबाई बाबांना म्हणाली, "गुरुजी, टेकाड माह्यं हाये अन् माह्यंच राहीन. इकणार नाई."

"नकाच विकू," बाबा म्हणाले.

"पण बसाचं असन तं येत जाजा. दगड नाई भेटन आता. पोतं आणजा घरून."

बाबा हसले. डोळ्यांत पाणी होतं, पण हसले. मी बाटली घेऊन अभिरामजवळ गेले. तो स्टँड मोटरसायकलला बांधत होता.

"पाणी?"

"नको," तो म्हणाला. माझ्याकडे न पाहता किक मारली आणि गेला.

संपलं, मी मनात म्हटलं. लोक त्याला दोनदाच भेटतात. आणि मी तर दुसऱ्या भेटीत असं काही करून दाखवलं होतं की तिसरी कुठली! खोटं बोललेल्या मुलीकडचं पाणी कोण पिणार? घरी आल्यावर बाबा मला रागावले नाहीत, हे सगळ्यात वाईट झालं. त्यांनी नवा आलेखाचा कागद घेतला आणि ओसरी वावराच्या मधोमध काढली. "डोंगर दिसतो इथून," ते म्हणाले. "पाण्याचं काय, जाऊ पोतं घेऊन." आमचा सौदा मोडला नाही. काकांनी शब्द पाळला. माझी झोप मात्र उडाली ती उडालीच. दहा दिवस फोन वाजला की मी धावायची आणि तो आईचा भिशीचा फोन असायचा.

अकराव्या दिवशी, रविवारी, मी एकटीच हिंगणीला गेले. पोतं घेऊन. देवकाबाई खालच्या वावरात उरलासुरला कापूस वेचत होती. तिला हात केला आणि टेकाडावर बसले. पळसाची फुलं गळून खाली सडा पडला होता. पाणी निळंशार. मी संत्रं काढलं, पण सोलावंसं वाटेना.

मोटरसायकलचा आवाज आला. मी वळले नाही. मनाला सवय लागली होती खोटे आवाज ऐकायची.

"मॅडम, आज साक्षीदार कुठे गेला?"

तो होता. स्टँड नाही, बॅग नाही, ओळखपत्र नाही. निळा शर्ट, इस्त्री केलेला. मी उभी राहिले आणि बाटलीच पुढे केली. रागानंच केली.

त्यानं ती घेतली. झाकण उघडलं, मान वर केली आणि गटागटा... अख्खी संपवली. मी पाहतच राहिले. कंठ हलत होता त्याचा, पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडत होतं.

"काल नकाशावर वरिष्ठांची सही झाली," तो तोंड पुसत म्हणाला. "आता मी तुमचा साहेब नाही. केव्हाची तहान लागली होती."

"दहा दिवस एक फोन नाही!"

"सही व्हायची होती ना. आज केला, तो सरांनी उचलला, म्हणाले तुम्ही इथे आहात." त्यानं खिशात हात घातला आणि काहीतरी तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरलं. वाळून आकसलेली, तपकिरी, कडक झालेली एक साल. संत्र्याची.

"पहिल्या दिवशी दगडाखाली सापडली. ही वाळलेली, आणि तुमच्या मांडीवर ताजी." तो माझ्याकडे पाहत नव्हता. "पंचनाम्यात लिहायला पाहिजे होती. नाही लिहिली. नोकरीतली माझी पहिली चूक. बारा दिवस खिशात घेऊन फिरलो. वाटायचं, आज तुम्ही सांगाल. तुम्ही ऑफिसात आल्या तेव्हा तर... तुम्ही तारीख विचारून गेल्या अन् मी त्या दिवशी घरी जेवलो नाही."

माझे कान तापले. "सगळं माहीत होतं! मग बोलला काऊन नाई?"

"तुम्हीच बोलावं वाटत होतं."

"आणि मी बोललेच नसते तर?"

"तर मी बोललो असतो. चंद्रभान काकांना माती उचलू दिली नसती मी." तो थांबला. "पण मग आज इथे आलो नसतो."

वाऱ्यानं पळसाची दोन फुलं आमच्या मधे पडली. मला त्याची भीती वाटली, खरं सांगते. इतक्या सरळ माणसाबरोबर जन्म काढायचा म्हणजे एकही थाप पचणार नाही. आणि त्याच वेळी मला हेही कळलं की मला दुसऱ्या कोणाबरोबर काढायचाच नाही.

"तिसऱ्यांदा कोणी भेटत नाही म्हणाला होतास," मी म्हटलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, मला कळलंच नाही. त्याला कळलं.

"चौथ्यांदाही भेटशील? पिपरी मेघेत... घरी? आम्ही सिंदी मेघेत राहतो, लांब नाही. आईला घेऊन येतो."

"चहा घ्यावा लागेल."

"दोन कप घेईन."

मी मान हलवली. तो तसाच उभा होता, मीही. खालून हाक आली.

"ओ पोरीऽऽ! पोतं आणलं का?"

"आणलं काकू!"

"मंग त्याले काऊन उभा ठेवलं वं?"

मी पोत्यावर एका कडेला सरकून बसले. जागा एकाचीच होती. तो बसला. मी संत्रं सोललं, अर्धं त्याच्या हातावर ठेवलं, आणि त्यानं ते तोंडात टाकलं. सालं मात्र त्यानं मला टाकू दिली नाहीत. सगळी उचलून खिशात घातली.